एकतीस झाडांचं गाऱ्हाणं

आमच्या वसाहतीत एखादी गोष्ट रांगेत नसली की काकांच्या खिशातून सुतळी बाहेर यायची. चांगली वीसेक हात लांब, गिरणीतल्या जुन्या बॉबिनला गुंडाळलेली. सभेसाठी खुर्च्या मांडल्या की एका टोकाला मला उभं करायचे, "धर गो चेडवा," म्हणायचे आणि दुसऱ्या टोकाला एक डोळा मिटून बघायचे. सातव्या खुर्चीचा पाय बोटभर पुढे आलेला असायचा. "फॉल्ट," काका म्हणायचे. मग त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला, तो कोणी का असेना, उठून खुर्ची मागे सरकवावी लागे. एकदा तिथे भाषणाला बोलावलेला पाहुणा बसला होता. त्यालाही उठवलं.

चेडू म्हणजे मुलगी. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला चेडवा म्हणायला सुरुवात केली आणि मी पन्नाशीला टेकले, वसाहतीची सेक्रेटरी झाले, तरी सोडलं नाही. भर सभेत मी इतिवृत्त वाचत असताना मागून आवाज यायचा, "चेडवा, मोठ्यान वाच, मागे ऐकाक येणा नाय." हसू दाबायला लोक खोकायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. तसंही मुलुंडच्या आमच्या वसाहतीत ते कोणी घेत नव्हतं. काका बरेच होते, पण नुसतं काका म्हटलं की हेच. कुडाळकडचे. तरुणपणी गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर. संपात गिरणी गेली आणि पुढे भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी पॅकिंगमध्ये नोकरी काढली. पण डोळा विणकराचाच राहिला. ताणलेल्या कापडावर नजर फिरवावी तसे ते जगाकडे बघायचे आणि सुटलेला धागा शोधायचे. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. अजूनही खुर्च्या मांडताना आमच्यातला कोणीतरी नकळत एक डोळा मिटतो.

या माणसाने "माझं चुकलं" असं कधी म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. यावर काकीची एक गोष्ट होती, ती हळदीकुंकवाला हमखास निघायची. एका मे महिन्यात सगळं बिऱ्हाड घेऊन ते गावी जायला कुर्ला टर्मिनसला पोचले. तीन ट्रंका, आंब्यांच्या रिकाम्या पेट्या, दोन मुलं. फलाटावर कळलं की तिकीट उद्याचं आहे. काकांनी तिकीट उलटसुलट केलं, खिशात ठेवलं आणि ट्रंकेवर बसले. "उद्या गर्दी आसतली," म्हणाले. "म्हणान आजच इलंव." काकी सांगायची, "चोवीस तास थयसर बसलंव. पण 'माझा चुकला' म्हणाक नाय." काका समोरच चहा पीत असायचे. ऐकू आलं नाही असं दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

दुसरी ख्याती गाऱ्हाण्याची. मालवणी माणसाला गाऱ्हाणं समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. कुठलंही कार्य असलं की एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने विनंती करतो. बा देवा महाराजा, ही लेकरं तुझ्या पायाशी जमली आहेत, त्यांचं भलं कर. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. शेवटी, चुकलंमाकलं असेल ते पदरात घे. आमच्याकडे गणपती असो, कोणाची नवी रिक्षा असो, गाऱ्हाणं काकांचंच. आणि त्यात ते सगळ्यांचे हिशेब चुकते करायचे.

"बी विंगेतले खिडकीतसून कचरो टाकतत, तेंका बुद्धी दी रे महाराजा."

"होय महाराजा," बी विंगसकट सगळे.

"ह्या चेडवाक गणितात पास कर रे महाराजा. अभ्यास करणा नाय ती."

"होय महाराजा." त्यात माझी आईसुद्धा. मी दहावीत होते, हातात प्रसादाचं ताट होतं आणि ते कुठे ठेवावं सुचत नव्हतं. देवापुढे उभं राहून उलट उत्तर देता येत नाही हे काकांना पक्कं माहीत होतं. वर्षानुवर्षं त्यांनी देवाला सगळ्यांच्या चुका सांगितल्या. स्वतःची एकही नाही.

आता झाडांचं. वसाहत नवी होती तेव्हा इथे नुसता मुरूम होता. तेच संपाचं वर्ष. काका सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, साचा बंद, हाताला काम नाही. कुठल्याशा रोपवाटिकेतून त्यांनी हातगाडीवर एकतीस रोपं आणली, सगळी विलायती शिरीषाची. मुंबईत सगळे रेन ट्री म्हणतात ते. सुतळी धरून फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत एका रेषेत खड्डे खणले आणि दोन वर्षं नळावरून बादल्या वाहिल्या. मी शाळेत जायला लागले तेव्हा झाडं माझ्याएवढी होती. कॉलेजात गेले तेव्हा त्यांची छत्री चौथ्या मजल्याला टेकली होती. उन्हाळ्यात मुलुंडभर रस्ते तापायचे आणि आमच्या फाटकातून आत शिरलं की अंगावरचा घाम वाळायचा. मागच्या गल्लीतले लोक वाट वाकडी करून आमच्यातून जायचे. काका ते दुरून बघायचे.

त्या रांगेत दुसरं झाड चालायचं नाही. माझ्या आईने एकदा दोन शिरीषांच्या मधे जांभळाचं रोप लावलं, सकाळी बघते तर उपटलेलं. आई तणतणत खाली गेली. काका शांत होते. "वैनी, थानात एक दोरो वेगळ्या रंगाचो इलो तर अख्खो थान नापास." थान म्हणजे कापडाचा तागा. आईने मुळांसकट ते रोप उचललं आणि पंपघराच्या मागे, रांगेच्या बाहेर नेऊन लावलं. त्यानंतर ती काकांशी बोलायची, सणाला त्यांच्याकडे ताट पाठवायची, पण जांभळाचं मनातून गेलं नव्हतं. तीस वर्षांत भांडण निघालं की शेवट जांभळावर व्हायचा.

मग एका वर्षी शिरीषांच्या फांद्यांवर पांढरं पीठ दिसायला लागलं. पीठ नव्हतं ते. पिठ्या ढेकूण म्हणतात तो किडा, झाडाचा रस शोषतो. उपनगरांत ठिकठिकाणी शिरीष वाळत होते, तसे आमचेही वाळायला लागले. फाटकाजवळचं पहिलं, मग दुसरं, मग तिसरं, रांगेने. काकांनी पाठीवर फवारणीचा पंप चढवला. निंबोळी तेल, साबणाचं पाणी, तंबाखूचा काढा, जे कोणी सांगेल ते. पासष्टीचा माणूस शिडीवर चढून फवारायचा आणि खाली शिडी धरायला मी. ऑफिसला जायची घाई, केसांत तंबाखूचं पाणी. चिडून मी म्हटलंही, "काका, गेली ती झाडं, पुरे आता." ते खाली आले, नखाने खोडाची साल खरवडली आणि आतला हिरवट ठिपका दाखवला. "जीव आसा," म्हणाले.

दोन वर्षांनी मात्र तो ठिपकाही दिसेना. एकतीसच्या एकतीस झाडं पानांशिवाय उभी होती. एका दुपारी फाटकाजवळच्या झाडाची मोठी फांदी खाली उभ्या रिक्षावर पडली. रिक्षावाला पाच मिनिटांपूर्वी वडापाव आणायला गेला होता म्हणून वाचला. झाड तोडण्याची नोटीस खोडावर लागली की हरकत घ्यायला मुदत असते, आणि प्रत्येक नोटिशीवर पहिली हरकत काकांची ठरलेली. सुवाच्य अक्षरात, ओळी सरळ.

त्याच सुमाराला सरकारी निधीची गोष्ट आली. जुन्या वसाहतींमधली मेलेली झाडं काढायची, त्या जागी नवी लावायची आणि तीन वर्षं त्यांची देखभाल करायची, असा सगळा खर्च मिळणार होता. अटी दोनच. नव्या झाडांत एकाच जातीची पाचांत एकाहून जास्त नसावीत, आणि वसाहतीची लेखी संमती हवी. संमती आठवड्याभरात गेली नाही तर निधी दुसऱ्या वसाहतीला जाणार होता. दिंडोशीची एक वसाहत आमच्या मागे नंबर लावून होती. झाडांचं काम बघणाऱ्या एक मॅडम हे सांगायला सभेला आल्या. तिशीच्या, बुटात चिखल, बोलणं मोजकं.

सभेची वाट लागली. आमचे खजिनदार उठले. "रॉयल पाम लावू या ना. एकदम झकास दिसेल, हॉटेलच्या एंट्रीसारखं. पानं झाडायची कटकट नाही."

"पामची सावली पडते का रे?" कोणीतरी विचारलं.

"गाडीवर घाण पण पडत नाही."

"आधी काकांना विचारा यार. झाडं त्यांची आहेत."

"झाडं सगळ्यांची आहेत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

काका उठले. "झाडां जिती आसत. तोडूक देवचंय नाय."

मॅडम त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "काका, एक विचारू? किडा पहिल्या झाडावर आला तेव्हा दुसऱ्यावर जायला त्याला किती दिवस लागले?"

"आठ दिवस."

"एकाच पंक्तीत एकच जेवण वाढलं होतं ना. उठायचं कारणच नव्हतं त्याला." काकांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली आणि सभेतून निघून गेले. अर्धे लोक काका म्हणतील तसं म्हणून बसले, अर्धे पामवर अडले, अट असली तरी पाम नाही तर निधीही नको म्हणून. संमतीच्या कागदावर माझी एकटीची सही होती.

शनिवारी सकाळी आईने मला गॅलरीत बोलावलं. "बघ गं, तुझे काका काय करतायत." काका पंपघरामागे जांभळापाशी उभे होते, पाठीवर पंप. त्याच्या दोन हातांवर शेवटचा शिरीष काळा पडलेला, आणि जांभूळ हिरवंगार, फुलोऱ्याने भरलेलं. काका खालच्या फांदीचं एकेक पान उलटं करून बघत होते. एक फांदी संपली की दुसरी. तासभर तरी त्यांनी किडा शोधला. तो त्यांना मिळाला नाही.

मग त्यांनी वर बघितलं. "वैनी, ह्यां तुमचांच मा?"

"तुम्ही उपटलंत तेच," आई म्हणाली. "मुळं तेवढी तुमच्या हातून वाचली."

काकांनी मान हलवली आणि पंप सांभाळत घरी गेले. दिवसभर दार बंद होतं. काकी म्हणाली, जेवले नाहीत.

सोमवारी मॅडम माणसं घेऊन आल्या. फाटकाजवळचं झाड धोक्याचं होतं, ते संमतीची वाट न बघता उतरवायचं होतं. करवत सुरू होणार एवढ्यात काका आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात नारळ आणि पानाचा विडा. गावाला मोठं झाड तोडायच्या आधी त्याला सांगून तोडतात. ते मॅडमना म्हणाले, "पाच मिन्टां देशात?" मॅडमनी करवतवाल्याला थांबवलं. गाऱ्हाणं आहे म्हटल्यावर लोक दारं ओढून खाली आले. बी विंग आली, खजिनदार आले, भाजीची पिशवी घेऊन बाहेर निघालेली माझी आईही थांबली.

काकांनी विडा खोडाशी ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा महाराजा, ह्या जाग्यार जो कोण मूळपुरुष आसात, तेका सांगणा करतंय."

"होय महाराजा."

"ह्या झाडांनी चाळीस वर्सां सावली दिली. लेकरां ह्यांच्याखाली वाढली. तेंचे उपकार आसत रे महाराजा."

"होय महाराजा."

काका थांबले. गाऱ्हाण्यात ते कधी थांबत नसत. मग म्हणाले, "माझी गिरण बंद पडली, तेवा हातात काय नव्हता. म्हणान मिया ही रांग घातलंय. कापडासारखी, एकसारखी. दुसऱ्या जातीचा एक रोप कोणी लावल्यान तर मिया उपटून टाकलंय. आज ही झाडां मेली ती किड्यान नाय मेली, माझ्या हट्टान मेली. माझा चुकला रे महाराजा."

एवढ्या वर्षांत "होय महाराजा" तोंडातून आपोआप निघायचं, ते त्या वाक्याला निघेना. होय म्हणणं म्हणजे काकांना तोंडावर चूक म्हणणं. मी खाली बघत राहिले. काकीने पदर तोंडाला लावला. काका हात जोडून तसेच उभे होते. गाऱ्हाण्याला दुजोरा मिळाला नाही तर ते देवापर्यंत पोचत नाही असं मानतात, आणि पुढचं वाक्य त्यांना घेता येईना.

"होय महाराजा," माझी आई म्हणाली.

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. चहा झाला का विचारावं तसं ती म्हणाली, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग काकीने म्हटलं, मग मी, मग सगळ्यांनी. मला रडू येत होतं. पण खरं सांगायचं तर रडण्याहून जास्त अभिमान वाटत होता, या हट्टी म्हाताऱ्याचा आणि माझ्या आईचाही.

काकांचा आवाज परत लागला. "आता ही लेकरां पाम लावून परत एकसारखी रांग करूक बगतत. तेंका बुद्धी दी रे महाराजा. पन्नास जातीची माणसां हयसर नांदतत, तशी झाडांय नांदूक देत रे महाराजा."

"होय महाराजा," सगळ्यांत मोठा आवाज खजिनदारांचा. सवयीने निघून गेला. म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण गाऱ्हाण्यात दिलेला होकार परत घेता येत नाही. दुपारपर्यंत संमतीच्या कागदावर सह्यांना जागा उरली नाही. माझ्या सहीखाली काकांची होती, ओळीत.

नव्या झाडांची यादी मॅडम आणि काका मिळून करायला बसले. ताम्हण, बकुळ, करंज, कदंब, कडुनिंब, सीताअशोक, पुत्रंजीव, मुचकुंद, भेंड. आईने सांगून दोन जांभळं घालायला लावली. खड्डे पुन्हा सुतळी धरूनच झाले, रांगेत तडजोड नव्हती. फक्त आता दोन बकुळी शेजारी आल्या की काका ओरडायचे, "फॉल्ट." लावणारी माणसं वैतागली. एका माणसाने शेवटी रोप हातात धरून विचारलं, "आजोबा, हे इथे चालेल का ते तुम्हीच सांगा बाबा." तीन वर्षांच्या देखभालीत पाण्याचा टँकर एक दिवस चुकला तर काका माझ्या ऑफिसच्या फोनवर हजर.

पुढच्या वर्षी दिंडोशीच्या त्या वसाहतीलाही निधी मिळाला. त्यांची संमती अडली होती तेव्हा मॅडम काकांना घेऊन गेल्या. मीही गेले. समोर शंभरेक अनोळखी माणसं, माइक. काकांनी सुतळी काढून खुर्च्यांकडे बघितलं, मग परत ठेवली. "आदी माझा काय चुकला तां सांगतंय," अशी त्यांनी सुरुवात केली. पुढे कांजूरमार्ग, घाटकोपर, जिथे जिथे गेले तिथे सुरुवात तीच. सत्तर वर्षं जे शब्द तोंडातून निघाले नव्हते ते माइकवर, परक्या लोकांपुढे. मी शेजारी बसून वर मान करून सगळ्यांकडे बघायचे. हे आमचे काका आहेत, हे लोकांना कळावं असं मला वाटायचं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर कदंबांच्या खोडांना भोकं दिसायला लागली. खोडकिडा. पानं पिवळी पडली आणि गळाली. वसाहतीत एकच घबराट. जुने दिवस सगळ्यांना आठवत होते. खजिनदार धावत माझ्याकडे आले, "परत वाट लागली बघ. गेलं सगळं." आम्ही काकांच्या दारात गेलो. तेव्हा त्यांना चार पायऱ्या उतरायलाही दम लागायचा, तरी काठी घेऊन खाली आले. फाटकापासून सुरुवात केली. प्रत्येक झाडापाशी थांबायचे, खोडावर हात फिरवायचे, पान उलटं करायचे, पुढे जायचे. अर्धी वसाहत त्यांच्या मागे चालत होती. ताम्हण, बकुळ, करंज. कदंबापाशी आले की भोकात काडी घालून बघायचे, मान हलवायचे. मग पुढचं, कडुनिंब. त्याचं पान त्यांनी चावूनही बघितलं. मागच्या भिंतीपर्यंत पोचायला पाऊण तास लागला.

भिंतीला टेकून काकांनी श्वास घेतला आणि रांगेकडे वळून बघितलं.

"चार गेली," ते म्हणाले. "बाकीची आसत."

मग मला शोधलं, मी शेजारीच होते. "अर्ज लिही, चेडवा. चार झाडां होयी म्हणान. आणि चारय वेगळी."